दहा हजारांचा दंड सोडा, टेम्पोची किल्ली कोणी दिली ते सांगा



आपण इथे जीएसटी, उधारी, स्टॉक, स्टाफ असे विषय घेतो. आज विषय आहे दारू पिऊन गाडी चालवणं. काही जण लगेच म्हणतील, "सर, आम्ही पीतच नाही, आम्हाला काय करायचंय?" अहो, मीही पीत नाही. तरी या एका विषयात माझे लाखाच्या वर गेले. तुमच्या दुकानाच्या नावावर एक जरी गाडी असेल, छोटा हत्ती म्हणा, ॲपे म्हणा, नाहीतर डिलिव्हरीची साधी स्कूटर, तर हे पूर्ण वाचा.

आमचं टाइल्स आणि सॅनिटरीचं दुकान हायवेला लागून आहे. वडिलांच्या काळापासून टेम्पोवर एकच माणूस. मी त्यांना मामा म्हणतो, शाळेत असताना मला सायकलवरून सोडायचे. गावची यात्रा होती. रात्री पालखी झाली, मग त्यांची मंडळी बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मामा किल्ली घ्यायला आले. आंघोळ केलेली, कपाळाला बुक्का, कपडे स्वच्छ. पण जवळ आल्यावर वास आला.

मला वास आला होता. हे मी मुद्दाम लिहितोय. साइटवर गवंडी येऊन बसणार होते, कॉन्ट्रॅक्टरचे दोन फोन येऊन गेले होते, आणि वडिलांच्या वयाच्या माणसाला "मामा, तुम्ही प्यायलाय का" हे कोणत्या तोंडाने विचारायचं? मी एवढंच म्हणालो, "सावकाश जावा." आणि किल्ली दिली.

सात वाजून दहा मिनिटांनी हायवेला नाकाबंदी होती. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी ती असणारच, हे पोलिसांना कळतं, आपल्याला कळत नाही. मशीनमध्ये फुंकायला लावलं, आकडा आला ६४. मामा शपथा घेत होते, "साहेब, सकाळपासून पाणीसुद्धा नाही प्यायलो." आणि ते खरंच बोलत होते.

आता हा आकडा समजून घ्या, कारण नव्वद टक्के गैरसमज इथेच आहेत. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८५. शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा. तुम्ही झोकांड्या खाताय की सरळ चालताय, याच्याशी त्याचा संबंध नाही. तुम्ही किती "पचवता" याच्याशी तर अजिबात नाही. सत्तर किलोच्या माणसाने साठ एमएलचा एक लार्ज पेग व्हिस्की रिकाम्या पोटी घेतला तर आकडा साधारण चाळीसच्या घरात जातो. म्हणजे एकाच पेगमध्ये माणूस हद्दीबाहेर. साडेसहाशे एमएलची स्ट्राँग बिअर असेल तर ऐंशीच्या आसपास. वजन कमी असेल तर आकडा आणखी चढतो, बायकांचाही तेवढ्याच दारूत जास्त येतो. हे सगळे अंदाज आहेत, माणसागणिक फरक पडतो. पण "दोनपर्यंत चालतं" म्हणणाऱ्याने हा हिशेब एकदा कागदावर करून बघावा.

उतरण्याचा वेग मात्र फार हळू. तासाला साधारण पंधरा. लिव्हर आपल्या गतीने काम करतं, त्याला घाई करता येत नाही. लिंबू, ताक, काळी कॉफी, गार पाण्याची आंघोळ यांनी झोप उडते, रक्तातला आकडा तोच राहतो. मामांनी नंतर मला खरं सांगितलं: रात्री अकराला बसले, एकला उठले, दीड क्वार्टर झाली. दीड क्वार्टर म्हणजे सुमारे १९०. अकरा ते सात, आठ तासांत १२० उतरलं. राहिले ७०. मशीनवर ६४. मशीन काही चुकलं नव्हतं.

म्हणून सांगतो, आपल्या धंद्यात रात्री एकच्या पार्टीपेक्षा सकाळी सातची डिलिव्हरी जास्त धोक्याची आहे. दूधवाले, भाजीवाले, पहाटे मार्केट यार्डला जाणारे, पेपरची लाइन टाकणारे, सगळे या वेळेत रस्त्यावर असतात. झोप झाली म्हणजे उतरली असं समजून.

फुंकायला नकार दिला तर? मला हा प्रश्न वर्कशॉपमध्ये दर वेळी येतो, विचारणारा हळूच विचारतो. नकार दिला आणि पोलिसांना संशय घेण्यासारखं कारण असेल, तर वॉरंटशिवाय अटक होऊ शकते. आणि तुम्ही नकार दिलात हीच गोष्ट कोर्टात तुमच्या विरुद्धचा पुरावा म्हणून वापरता येते. कलम १८५ खाली अटक केली तर दोन तासांच्या आत डॉक्टरकडून तपासणी व्हावी लागते, नाहीतर त्या माणसाला सोडावं लागतं, हाही नियम आहे. २०२४ च्या मे महिन्यात पुण्यात कल्याणीनगरला जे झालं त्यानंतर "रक्ताचा नमुना" हा शब्द घराघरात गेलाय, त्यामुळे यावर जास्त लिहीत नाही. आणि हो, दारूच नाही, इतर नशेलाही हेच कलम आहे.

शिक्षा काय? पहिल्यांदा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजारांचा दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा पंधरा हजारांचा दंड, किंवा दोन्ही. १ सप्टेंबर २०१९ पासून हे आकडे लागू आहेत, त्याआधी पहिला दंड दोन हजारांचा होता. जुन्या लोकांच्या डोक्यात अजून तेच दोन हजार आहेत. कायदा केंद्राचा आहे, त्यामुळे गोव्यात गेलं की सूट मिळते असंही काही नाही.

सिग्नल तोडला की मोबाईलवर चलान येतं, आपण भरतो, विषय संपतो. हे तसं नाही. हा गुन्हा जागेवर तडजोड करून मिटवता येत नाही, कोर्टात उभं राहावंच लागतं. मामा त्या दिवशी पहिल्यांदा कोर्टाची पायरी चढले. पन्नाशी ओलांडलेला माणूस, हातात टोपी धरून उभा. दहा हजार दंड झाला, तो मी भरला.

इथवर सगळ्यांना थोडंफार माहीत असतं. खरा फटका पुढे आहे, आणि तो लायसन्सचा.

कलम १८५ मध्ये पकडलं की पोलीस लायसन्स जप्त करून आरटीओकडे पाठवतात. त्याची पावती मिळते. आता ही पावती नीट वाचा. बाकीच्या काही प्रकरणांत जप्तीची पावती दाखवून गाडी चालवता येते. यात येत नाही. कायद्यात स्पष्ट लिहिलंय की लायसन्स परत मिळेपर्यंत ही पावती म्हणजे चालवण्याची परवानगी नव्हे. मग आरटीओ नोटीस काढतं, तुमचं म्हणणं ऐकतं, आणि पहिला गुन्हा असेल तर तीन महिन्यांसाठी अपात्र ठरवू शकतं. दुसरा असेल तर लायसन्स थेट रद्द, आणि रद्द झालेल्याचं नाव जाहीरही करता येतं. निलंबनानंतर रिफ्रेशर ट्रेनिंग करावं लागतं. आदेश मान्य नसेल तर तीस दिवसांत अपील आहे. म्हणून नोटीस आली की ती गल्ल्याखाली सरकवू नका, सुनावणीला जा. तिथेच तुमची बाजू लिहून देता येते.

आमच्याकडे आदेश यायला तीन आठवडे गेले, पुढे तीन महिने. म्हणजे कागदावर तीन, प्रत्यक्षात जवळपास चार. आता हिशेब बघा. बदली ड्रायव्हर रोजचे ८००, ९२ दिवस, झाले ७३,६००. दंड १०,०००. वकील ७,०००. टेम्पो चार दिवस ठाण्याच्या आवारात उभा होता, तेवढे दिवस भाड्याची गाडी, १०,०००. एकूण १,००,६००. मामांना गोडाऊनला बसवलं आणि पगार चालू ठेवला, तो यात धरलेला नाही. तो कॉन्ट्रॅक्टर पुढच्या दोन साइटला दुसरीकडे गेला, तेही धरलेलं नाही. आणि माझ्या अकाउंटंटने सांगितलेली गोष्ट: कायदा मोडल्याचा दंड धंद्याचा खर्च म्हणून दाखवता येत नाही. म्हणजे ते दहा हजार टॅक्स भरलेल्या पैशातून गेले.

मध्ये एकदा बदली ड्रायव्हर आला नाही. मामा म्हणाले, "जवळच तर आहे, मी सोडून येतो, कोण बघतंय?" त्या दिवशी मी पहिल्यांदा नाही म्हणालो. अपात्र असताना चालवलं तर चालवणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही. आणि अशा माणसाच्या हातात गाडी देणाऱ्या मालकाला वेगळं कलम आहे, १८०: तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार दंड किंवा दोन्ही. स्कूटरवरून पावती पोचवायला सांगितलं तरी तेच, कारण आदेशात सगळ्या वर्गांची वाहनं येऊ शकतात.

मालकाचा विषय निघालाच आहे तर तो प्रसंग सांगतो. टेम्पो सोडवायला गेलो तेव्हा ठाण्यात एका हवालदारांनी सहज विचारलं, "सकाळी किल्ली कोणी दिली?" आवाज चढलेला नव्हता, फॉर्म भरता भरता विचारलं. मी म्हणालो, "मी." ते म्हणाले, "तुम्हाला कळलं नाही का?" मी गप्प बसलो.

घरी येऊन मी कायदा वाचला. कलम १८८. दारू पिऊन गाडी चालवण्याच्या गुन्ह्याला जो अपप्रेरणा देतो, म्हणजे चिथावतो किंवा जाणूनबुजून मदत करतो, त्याला त्या गुन्ह्याइतकीच शिक्षा. नुसती गाडी तुमची आहे म्हणून हे लागत नाही. पण तुम्हाला माहीत होतं आणि तरी तुम्ही "जा, माल टाकून ये" म्हणालात, तर प्रश्न उभा राहू शकतो. माझ्यावर काही झालं नाही. पण "मला वास आला होता" हे वाक्य ठाण्यात बोलायची माझी हिंमत झाली नाही, ती आज इथे करतोय.

आणखी एक घोळ होता. टेम्पोची आरसी वडिलांच्या नावावर. ते तेव्हा बहिणीकडे, कागद त्यांच्या कपाटात, कपाटाची किल्ली त्यांच्याकडे. चार दिवस गेले ते यामुळे, पोलिसांमुळे नाही. कायद्याला मालक म्हणजे आरसीवर नाव असलेला माणूस. गल्ल्यावर कोण बसतं ते कायदा विचारत नाही. उद्या अपघात झाला असता तर नोटीस माझ्या बहात्तर वर्षांच्या वडिलांच्या नावाने निघाली असती. जुनी गाडी विकून नाव न बदललेली मंडळी, तुम्हीही यातच येता. आजच बघा.

अपघात झाला नाही, हे आमचं नशीब. झाला असता तर काय, हे आता इन्शुरन्सच्या बाजूने बघू.

गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा क्लेम, ज्याला आपण ओन डॅमेज म्हणतो, त्यात चालक नशेत असेल तर भरपाई नाही अशी अट पॉलिसीतच असते. सुप्रीम कोर्टाचा २०२१ चा एक निकाल आहे, इफ्को टोकियो विरुद्ध पर्ल बेव्हरेजेस. कंपनीच्या नावावरची पोर्शे, डिसेंबर २००७ मध्ये दिल्लीत इंडिया गेटजवळ फूटपाथला धडकली, उलटली, जळून खाक झाली. कंपनीचं म्हणणं होतं की ब्रेथ टेस्ट झालेली नाही, रक्ताचा रिपोर्ट नाही, मग दारू सिद्ध कशी? कोर्टाने सांगितलं की टेस्ट नसली तरी इतर पुराव्यावरून निष्कर्ष काढता येतो. हॉस्पिटलच्या कागदावर चालकाच्या तोंडाला दारूचा वास येत असल्याची नोंद होती. क्लेम गेला. म्हणजे "मशीनमध्ये फुंकलंच नाही" हा बचाव इन्शुरन्समध्ये पुरत नाही. केसपेपरवरची एक ओळ पुरते.

समोरच्याला लागलं तर थर्ड पार्टी. इथे लोक निर्धास्त असतात, "ते इन्शुरन्स देईल ना." २०१९ च्या दुरुस्तीनंतर नशेत चालवणं हा विमा कंपनीला घेता येणारा बचाव आहे. अशा प्रकरणांत कोर्टं सहसा कंपनीला सांगतात की जखमीला किंवा मृताच्या घरच्यांना आधी पैसे द्या आणि नंतर मालकाकडून वसूल करा. जखमी माणसाच्या दृष्टीने हे योग्यच आहे. पण ती वसुली तुमच्याकडून होते. कमावत्या माणसाच्या मृत्यूची भरपाई त्याचं वय, पगार आणि घरातली अवलंबून माणसं बघून ठरते, रक्कम सहज लाखांमध्ये जाते. दुकान, गोडाऊन, घर, सगळं एकाच माणसाच्या नावावर असलेल्या आपल्यासारख्यांनी यावर शांतपणे विचार करावा. प्रोप्रायटरशिपमध्ये धंद्याचं देणं आणि घरचं देणं वेगळं नसतं, हे मी पहिल्या बॅचपासून सांगत आलोय.

आणि तुमच्याच ड्रायव्हरला लागलं तर? कर्मचारी नुकसानभरपाईबाबत कायदा म्हणतो की नशेमुळे झालेल्या दुखापतीची जबाबदारी मालकावर नाही. पण थांबा. मृत्यू झाला किंवा कायमचं संपूर्ण अपंगत्व आलं, तर ही सूट लागू होत नाही. जिथे रक्कम सगळ्यात मोठी, तिथेच "तो प्यायला होता" हे उत्तर चालत नाही.

फौजदारी बाजू थोडक्यात. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेत आता पाच वर्षांपर्यंत कैद आहे, जुन्या आयपीसीत दोन होती. पण दारू असेल तर प्रकरण तिथेच थांबेल असं नाही. मुंबईचं कार्टर रोड प्रकरण आठवा, १२ नोव्हेंबर २००६ ची पहाट. फूटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गाडी गेली, सात जणांचा जीव गेला. खालच्या कोर्टाने निष्काळजीपणा धरून सहा महिने दिले. हायकोर्टाने सदोष मनुष्यवध धरला आणि तीन वर्षं केली, २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते कायम ठेवलं. पिऊन स्टिअरिंग धरणाऱ्याला परिणामाची जाणीव असते, असं कोर्ट धरू शकतं. आजच्या संहितेत त्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

आता मी काय बदललं ते सांगतो, कारण तुम्ही त्यासाठीच वाचताय.

किल्ली भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेली असायची, कोणीही काढायचं. आता ती माझ्या ड्रॉवरमध्ये असते आणि हातात देताना वहीत वेळ आणि सही होते. बाजारात मिळणारं फुंकायचं छोटं मशीन घेतलं. त्याला कोर्टात किंमत नाही, आकडाही थोडाफार मागेपुढे होतो, वर्षाने कॅलिब्रेशन करावं लागतं. पण त्याचा खरा फायदा वेगळाच निघाला. मला तोंडाने विचारावं लागत नाही. रोज सकाळी पहिला मी फुंकतो, मग मामा, मग स्कूटरवाला पोरगा. सगळ्यांनाच असल्यामुळे कोणाचा अपमान होत नाही. पहिला आठवडा हसण्यात गेला, नंतर सवय झाली.

आकडा आला तर त्या दिवशी गोडाऊनचं काम, पगार कापत नाही. यावर माझ्या एका व्यापारी मित्राचं आणि माझं जोरात भांडण झालं. तो म्हणतो, अशाने लाडावतील. माझं म्हणणं, पगार कापला की माणूस खरं सांगायचं थांबतो आणि वेलदोडा चघळून येतो. महिन्यातून दुसऱ्यांदा झालं तर मात्र लेखी समज, हे नेमणुकीच्या पत्रात आधीच लिहून सही घेतलीय. दिवाळीला स्टाफचं जेवण करतो तेव्हा कोण कोणाला घरी सोडणार हे आधी ठरतं, रिक्षाचं भाडं दुकानाचं.

टेम्पोची आरसी आता माझ्या नावावर आहे, पॉलिसीही. कागद दुकानात आणि मोबाईलमध्ये दोन्हीकडे.

यंदाची यात्रा गेल्या महिन्यात झाली. आठवडाभर आधीच सगळ्या ग्राहकांना मेसेज टाकला: यात्रेच्या दुसऱ्या दिवशी माल दुपारी दोननंतरच निघेल. दोनच का, तो हिशेब वर दिलाच आहे, तासाला पंधरा. मामा दीडला आले, फुंकले, शून्य आलं, सही करून किल्ली घेतली. एक ग्राहक थोडा कुरकुरला. बाकी कोणी काही म्हणालं नाही.